विनापरवाना, सकाळी साडेसात

विनापरवाना रेडिओ स्टेशन चालवलं तर काय शिक्षा होते, हे मला तोंडपाठ आहे. ऑफिसात कुणाला खरं वाटत नाही. मी खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कागदपत्रं लिहायचं काम करते. म्हणजे तुम्ही एक अक्षर न वाचता 'मान्य आहे' म्हणून बटण दाबता ना, त्या अटी-शर्ती लिहिणारी बाई मीच. कलमं, पोटकलमं, 'अथवा' आणि 'तथापि' यांच्यात माझा दिवस जातो. कुठे नियम लिहिलेला दिसला की तो शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, मग ती लिफ्टमधली पाटी असो की औषधाच्या बाटलीतला चिठोरा. पण रेडिओची कलमं मी खोड म्हणून वाचली नाहीत. माझ्या बाबांसाठी वाचली.

आई गेली आणि बाबांनी बोलणं बंद केलं. रुसवाफुगवा नव्हता, रडणंही नव्हतं. टेलिफोन खात्यात जन्म काढलेला माणूस, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जेवायचा, फिरायला जायचा, पेपर वाचायचा. फक्त बोलायचा नाही. फोन केला की "हं." जेवलात का? "हं." काय जेवलात? "भात." कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळ्या घालून पाहिलं आणि म्हणाले, घसा ठणठणीत आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळ द्या. मी वारज्याला राहते, बाबा बिबवेवाडीत. माझ्याकडे यायला ते तयार नव्हते. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचे. एका रविवारी सहा तासांत त्यांचे अकरा शब्द मोजले मी, आणि त्यातले दोन केबलवाल्याला होते. परत येताना मला रडू फुटलं. आई तर गेलीच होती. हा माणूस समोर बसून थोडा थोडा बंद होतोय, आणि एक दिवस ते "हं"सुद्धा थांबेल, अशी माझ्या मनानं धास्ती घेतली होती.

अशात एका बुधवारी त्यांचाच फोन आला. ऑफिसच्या मीटिंगमधून मी बाहेर धावले, म्हटलं पडले की काय.

"तुझ्या ऑफिसात एखादा जुना हेडफोन पडलाय का? माइकवाला?"

एका दमात एवढं! कशाला हवाय हेसुद्धा मी विचारलं नाही. एक मागितला होता, मी दोन नेले.

रविवारी गेले तर जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. सोल्डरिंगचा वास, तारांचे तुकडे, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून आणलेल्या सुट्या भागांच्या पुड्या, आणि मधोमध एक स्टीलचा डबा. आईचा पोह्यांचा डबा तो. त्याच्या झाकणाला भोक पाडलेलं बघून मला कसंसंच झालं. डब्यातून एक वायर खिडकीतून वर गच्चीत गेली होती. तिथे जुन्या टीव्हीच्या खांबाला एक तांब्याची नळी बांधलेली होती.

"हे काय?"

"ट्रान्समीटर."

"कशाला?"

तर झालं होतं असं. बाबांच्या सोसायटीत तीन इमारती, पाऊणशे बिऱ्हाडं, त्यातली निम्मी म्हातारी. सगळ्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. तिथे 'सुप्रभात'ची फुलं आणि पार्किंगची भांडणं यांच्या मधोमध 'आज पाणी बंद' ही सूचना सापडली तर सापडली. समोरच्या दारातल्या काकूंना दिसतं कमी, गुडघे गेलेले, तिसऱ्या मजल्यावरून त्या खालच्या सूचना-फलकापर्यंत जातात कशाला? एका सकाळी त्या डोक्याला शिकेकाई लावून बसल्या आणि नळ गेला. टँकर येईपर्यंत दीड तास बाई तशाच. त्यांनी बाबांचं दार वाजवलं आणि दोन तांबे पाणी मागितलं. बाबांनी पाणी दिलं, आणि बहुधा त्याच दिवशी त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. काकूंकडे जुना ट्रान्झिस्टर होता. बऱ्याच जणांकडे होता. मग सूचना रेडिओवरच का सांगू नये?

"नाव काय ठेवलंय स्टेशनचं?" मी विचारलं.

"नाव कशाला? दुकान आहे का?"

सकाळी साडेसात ते सात पन्नास, रविवारी सुट्टी. रविवारी का? तर आठवड्यातून एक दिवस सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे म्हणे. कामगार हेच, मालकही हेच.

आणि काय सांगू, माणूस बोलायला लागला! आधी सूचनांपुरतं. मग सूचना गोळा करण्यापुरतं. पाण्याची नेमकी वेळ कळावी म्हणून पंप चालवणाऱ्याशी हुज्जत. लिफ्टवाल्याला फोन. चिटणिसांशी तर जाहीर भांडण, कारण त्यांनी 'साधारण नऊ वाजता' असं सांगितलं. "साधारण म्हणजे काय? प्रसारणात साधारण चालत नाही." रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सकाळी कोमट पाणी, दही बंद. फोनवर "हं" म्हणणारा माणूस मला सांगायला लागला की 'स' उच्चारताना माइकवर फुंकर बसते आणि त्यासाठी आईच्या जुन्या मोज्याचा तुकडा बांधलाय. मी फोन कानाला धरून नुसती ऐकत राहायची. हेडफोन मी दिला होता, त्यामुळे या सगळ्यात आपलाही थोडा हात आहे, असं वाटून मनातल्या मनात फुशारून जायची.

पण मी पडले चौकस. किती वॅट? दोन. कुठवर ऐकू येतं? समोरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत, वारा बरा असेल तर मार्केट यार्डाच्या कोपऱ्यापर्यंत. वाऱ्याचा रेडिओशी काय संबंध? काही नाही, बोलायची पद्धत. आणि मग एका रविवारी, भाजी निवडता निवडता, मी तो प्रश्न विचारला.

"बाबा, याला परवाना लागत असेल ना?"

"लागतो."

"तो आहे?"

"नाही."

त्या रात्री मी वाचायला बसले आणि वाचतच सुटले. काय एकेक गंमत! जुन्या कायद्यात नुसता ट्रान्समीटर जवळ बाळगला तरी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, आणि दंड किती, तर हजार रुपये. एका बाजूला तीन वर्षं तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला हजार रुपये, असा तराजू कुणी धरला असेल? नव्या कायद्यात तीच तीन वर्षं, पण दंड दोन कोटींपर्यंत. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन वकिलांना विचारलं, तर पोह्यांच्या डब्याला नेमकं कुठलं कलम लागेल यावर त्यांचं एकमत होईना. परवाना काढावा तर तो संस्थेला मिळतो, एकट्यादुकट्याला नाही. हौशी वायरलेसवाल्यांना वेगळा परवाना असतो, पण त्यावर एकमेकांशी बोलायचं, लोकांसाठी कार्यक्रम करायचे नाहीत. सोसायटी ही नोंदणी झालेली संस्था आहे, तिच्या नावानं अर्ज करावा, असं बाबांनी सुचवून पाहिलं होतं. पण सर्वसाधारण सभेत तो विषय येईपर्यंत बाबांची शंभरी झाली असती.

"तीन वर्षं कैद आहे, बाबा," मी पुढच्या रविवारी म्हटलं.

"तीन वर्षांपर्यंत," ते म्हणाले. "लिहिण्याचं काम करतेस ना? 'पर्यंत' वाचायला शीक."

मग त्यांनी मला जुनी गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी रेडिओ ऐकायलासुद्धा लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. तपासनीस यायचे, कौलावर एरियलची तार दिसली की दार वाजवायचे. आमच्या शेजारचे गृहस्थ तपासनीस आला की रेडिओवर गोधडी टाकायचे आणि तिच्यावर आपल्या सासूबाईंना बसवायचे. सांगता सांगता बाबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. "ऐकणं गुन्हा होता तेव्हाही लोक ऐकत होते," ते म्हणाले, आणि भेंडीची देठं गोळा करून उठले.

मी कलमांचा विषय तिथेच सोडला. एरवी लोकांना दोन-दोन पानांच्या अटी लिहून घाबरवणारी मी, स्वतःच्या बापाचा गुन्हा डोळ्यांनी बघून गप्प राहिले. एका बाजूला ती तीन वर्षं होती, दुसऱ्या बाजूला ते "हं". मला "हं"चीच भीती जास्त वाटत होती. दोन वॅटच्या डब्यामागे कोण लागणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. आणि खरंच, कुणी लागलंही नसतं. पण आमचे पिताश्री पडले पुणेकर.

समोरच्या नव्या इमारतीवर जाहिरातीचा एक मोठा एलईडी फलक लागला. तो लागल्यापासून काकूंच्या ट्रान्झिस्टरवर बाबांच्या आवाजामागे घर्र-घर्र यायला लागली. बाबांनी दोन आठवडे नोंदी ठेवल्या. फलक कधी लागतो, कधी विझतो, घर्र कधी येते. पुण्यातला माणूस एक वेळ जेवण चुकवेल, पण तक्रार अर्ज चुकवणार नाही. बाबांच्या कपाटात महापालिकेला, पोस्टाला, वीजवाल्यांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रतींची जाड फाईल आहे. तिच्यातली ताजी प्रत त्यांनी रविवारी मोठ्या कौतुकानं माझ्या हातात ठेवली.

"महोदय, मी वरील पत्त्यावरून दररोज (रविवार वगळून) सकाळी ७.३० ते ७.५० या वेळेत रेडिओ प्रसारण करतो. समोरील फलकामुळे माझ्या प्रसारणात व्यत्यय येत आहे. तरी संबंधितांवर योग्य ती कारवाई करावी, ही विनंती." खाली सही, पूर्ण पत्ता, फोन नंबर. सोबत जोडली होती सर्किटची आकृती, गच्चीचा नकाशा आणि नोंदींचा तक्ता. वायरलेसच्या सरकारी ऑफिसला, रजिस्टर्ड पोस्टानं, पोचपावतीसह.

"हे पाठवलंत?" मी विचारलं.

"मंगळवारी. पोचपावतीही आली."

"अहो बाबा! चोर कधी पोलिसांत जाऊन सांगतो का, की मी कुलूप तोडत असताना शेजारचं कुत्रं भुंकतं, त्याचा बंदोबस्त करा?"

"मी चोर नाही," ते म्हणाले. "आणि फलकवाल्यांनी तरी परवानगी घेतलीय का, हे बघायला नको?"

डोक्याला हात लावण्यापलीकडे मी काय करणार? पंधरा दिवसांनी त्यांना फोन आला की तपासणीला अधिकारी येतोय. मी रजा टाकली.

अधिकारी चाळिशीचे, नागपूरकडचे. दारातच चपला काढल्या, पाणी मागून घेतलं, पोह्यांच्या डब्यासमोर बसले आणि आधी बराच वेळ त्याच्याकडे नुसते बघत राहिले. "काय करून राहिले हो तुम्ही हे, काकाजी?" असं म्हणाले, पण रागानं नाही. झाकण उघडून आत पाहिलं. "सोल्डरिंग मात्र सुंदर आहे," असंही म्हणाले. बाबा खुलले. मी मात्र अधिकाऱ्यांच्या हातातल्या छापील फॉर्मकडे बघत होते.

त्यांनी आम्हाला मार्ग काढून दिला, हे कबूल केलं पाहिजे. यंत्र तर जमा करावंच लागेल, म्हणाले, त्याला इलाज नाही. पण यंत्र चालू होतं आणि प्रसारण होत होतं असं लिहिलं, तर प्रकरण वर जाणार, आणि वर गेल्यावर ते काय कलम लावतील हे त्यांच्या हातात नाही. त्याऐवजी 'हौशी जुळणी, बंद स्थितीत, प्रसारण होत नव्हते' असं लिहिलं तर ताकीद देऊन मिटेल. एका घरच्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागेल. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ताई करतील सही."

"करते ना," मी म्हटलं. पेनसुद्धा काढलं.

"बंद स्थितीत?" बाबा ताडकन म्हणाले. "कोण म्हणतं बंद आहे? एक दिवस खंड नाही!"

"काकाजी, मी तुमच्यासाठीच म्हणून राहिलो..."

"तुम्ही काहीही म्हणा. चालत नाही असं मी लिहून देणार नाही."

तेवढ्यात समोरच्या काकू भिंत धरत धरत दारात आल्या. आत कोण बसलंय ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. "अहो, काल तुम्ही गॅसवाला येणार म्हणालात, मी दिवसभर दार उघडं ठेवून बसले. आलाच नाही मेला! एवढं रेडिओवर सांगता, तर नीट चौकशी करून सांगत जा की!"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मी काकूंना खुणा करत होते, पण खुणा दिसायला डोळे नकोत? आणि बाबा? बाबांच्या चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. दोन कोटींच्या दंडाचा कागद समोर, आणि हा माणूस काकूंना म्हणतो, "उद्या खुलासा करतो."

शेवटी अधिकारी म्हणाले, "असं करू. मला एकदा ऐकू द्या. मग ठरवतो काय लिहायचं ते. करा सुरू."

"आत्ता?" बाबांनी घड्याळ बघितलं. "आत्ता सव्वाअकरा झालेत. प्रसारण साडेसातला असतं."

मला वाटलं, आता अधिकारी चिडणार. पण ते हसायलाच लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला परत येतो म्हणाले, आणि खरंच सात पंचवीसला फाटकाशी हजर. मी मुक्कामालाच थांबले होते. त्यांनी आपलं मोजायचं यंत्र आणलं होतं, पण त्याला भोंगा नव्हता म्हणून आम्ही माझ्या गाडीत बसलो आणि गाडीचा रेडिओ लावला. काटा फिरवताना एक गोष्ट लक्षात आली आणि मी चपापले. मी वॅट विचारले होते, कलमं विचारली होती, माइकवरच्या मोज्यासकट सगळं विचारलं होतं. पण रोज वीस मिनिटं हा माणूस बोलतो तरी काय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी यायची रविवारी, आणि रविवारी सुट्टी. मी माझ्या बाबांना रेडिओवर कधी ऐकलंच नव्हतं.

"नमस्कार. सकाळचे साडेसात वाजले आहेत. सूचना ऐका."

अगं बाई! आवाज त्यांचाच, पण पंधरा वर्षांपूर्वीचा. भरदार, सावकाश, मिश्किल.

"पाणी. बी इमारतीला साडेआठपर्यंत, ए आणि सीला नऊपर्यंत. ज्यांना गाड्या धुवायच्या आहेत, त्यांनी आपली स्वतःची अंघोळ झाली आहे का, ते आधी आठवावे. लिफ्ट चालू आहे. यात दुरुस्तीवाल्यांचा काही दोष नाही. काल जाहीर केलेला गॅसवाला आला नाही. त्याने दिलेला शब्द मी खरा मानला, ही माझी चूक. श्रोत्यांची क्षमा मागतो. ए इमारतीच्या जिन्यात एक चप्पल सापडली आहे. डावी. उजवी ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती दाखवून न्यावी."

अधिकारी खिदळत होते. मीही. पुढे हवामान आलं ("गच्चीत जाऊन पाहिले, ढग आहेत, कुरडया ज्याने-त्याने आपल्या जबाबदारीवर घालाव्यात"), मग एका आजोबांचा वाढदिवस, आणि मग कागद उलटल्याचा आवाज.

"आता शेवटची सूचना. वारज्याहून खराडीला जाणाऱ्यांसाठी."

मी हसायची थांबले.

"म्हात्रे पुलावर नेहमीची गर्दी आहे. स्वारगेटला उड्डाणपुलावरून जावे, खालून जाऊ नये. मगरपट्ट्याच्या पुढे, मुंढव्याच्या चौकात काम चालू आहे, अर्धा तास जास्त धरावा. हॉर्न वाजवून रस्ता मोकळा होत नाही, तेव्हा जिवाची तगमग करू नये. ऑफिस कुठे पळून जात नाही. जेवणाचा डबा वेळेवर खावा. तीन-तीन वाजेपर्यंत उपाशी राहू नये. प्रसारण संपले."

मागे तेवढी घर्र-घर्र राहिली. अधिकाऱ्यांनी आपलं यंत्र बंद केलं.

"ताई, इथून गिरणीच्या पुढे तर हे ऐकूच येत नाही. या बिबवेवाडीत वारज्याहून खराडीला जाते तरी कोण?"

"मी," मी म्हटलं. आणि मग मला आवरेना. परक्या माणसासमोर मी हमसून हमसून रडले.

"बाप्पा," ते एवढंच म्हणाले आणि दुसरीकडे बघत बसले.

काकूंनी नंतर मला सांगितलं की ही सूचना पहिल्या दिवसापासून आहे. सोसायटीच्या फाटकाशी एका कंपनीची बस उभी राहते. तिचा ड्रायव्हर रात्रपाळीची माणसं घेऊन सकाळी खराडीहून परत येतो. पावणेसातला खाली जाऊन बाबा रोज त्याला रस्त्याची खबर विचारतात. सोसायटीतल्या सगळ्यांना मुंढव्याच्या चौकाची इत्थंभूत माहिती होती. नव्हती ती फक्त मला.

वर गेलो. बाबा हेडफोन गळ्यात घालून बसलेले. माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे त्यांनी बघितलं नाही, की बघून न बघितल्यासारखं केलं, कोण जाणे. अधिकाऱ्यांना म्हणाले, "घर्र आली की नाही? तीच ती तक्रार."

अधिकाऱ्यांनी फॉर्म भरला आणि माझ्यासमोर सरकवला. भल्या माणसानं तोच मार्ग ठेवला होता. साक्षीदाराच्या रकान्यात लिहिलं होतं: 'प्रसारण ऐकू आले नाही.' खाली माझ्या सहीची जागा.

आदल्या दिवशी मी डोळे झाकून सही केली असती. अटी-शर्ती लिहिणारी बाई मी. कुठल्या शब्दानं माणूस सुटतो आणि कुठल्यानं अडकतो, हेच माझं काम.  बाबा माझ्या हाताकडे बघत होते. हा माणूस वर्षभर एका माणसासाठी बोलत होता, आणि त्याच माणसानं आता सरकारी कागदावर लिहून द्यायचं होतं की मला काही ऐकू आलं नाही. माझ्यानं होईना. मी 'नाही' हा शब्द खोडला, 'ऐकू'च्या आधी 'स्पष्ट' असं लिहिलं आणि सही केली.

"ताई, विचार करा," अधिकारी म्हणाले. "वरचे लोक काय करतील, मी सांगू शकत नाही."

"तीन वर्षांपर्यंत," मी म्हटलं.

बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "वेळ घाल," म्हणाले. "सात तीस ते सात बावन्न. आज दोन मिनिटं जास्त झाली." आणि त्यांनी खाली स्वतःची सही केली.

पुढचे दोन महिने मी पोस्टमनची वाट जीव मुठीत धरून बघितली. पत्र आलं ते ताकिदीचं. यंत्र जप्त, पुन्हा असं केल्यास खटला. कमी ताकद, वय, की त्या अधिकाऱ्यांनी वर काही शब्द टाकला, का सुटलो ते मला आजवर कळलेलं नाही, आणि एवढी चौकस मी, पण ते मी विचारायला गेले नाही. फलकाच्या तक्रारीचं पत्र वेगळं आलं. ती तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.

पण हे पुढचं. डबा नेला त्या दिवशी काय झालं, ते सांगायचं राहिलं. अधिकाऱ्यांनी डबा कापडात बांधला, गाठीवर लाख लावली, बाबांना वाकून नमस्कार केला आणि गेले. बाबांनी गच्चीत जाऊन ती तांब्याची नळी सोडून आणली, पुसली, कपाटात ठेवली. मग खुर्चीत बसले. संध्याकाळी मी विचारलं, जेवायला काय करू? "भात." वाढलं. मग विचारलं, जेवलात ना नीट? "हं."

पुन्हा तेच "हं". सही करून मी काय मिळवलं? खोटं लिहिलं असतं तरी डबा जाणारच होता, आणि खरं लिहून डोक्यावर टांगती तलवार तेवढी घेतली होती. मी दुसऱ्या दिवसाचीही रजा टाकली.

सकाळी उठून बघते तर बाबा दाढी करून, कोमट पाणी पिऊन, सात पंचवीसला टेबलाशी येऊन बसलेले. टेबलावर काही नव्हतं. डब्याच्या बुडाचा गोल डाग तेवढा होता. साडेसात झाले. खालून पंपाचा आवाज आला. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पलीकडे काकूंच्या घरात ट्रान्झिस्टर लावलेला होता आणि त्यातून नुसती घर्र ऐकू येत होती.

मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले.

"बाबा," मी म्हटलं, "वारज्याहून खराडीला आज कसं जावं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"रजा आहे ना तुझी आज?" ते म्हणाले. "मग फुकटच्या चौकश्या कशाला?"

 मी उठले नाही. त्यांनी घसा खाकरला, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि चष्मा लावला. ते पावणेसातला खाली जाऊन आले होते.

"मुंढव्याला अजून खणलेलंच आहे," बाबा म्हणाले. "उद्या दहा मिनिटं लवकर नीघ."